‘क्रिओल’ आणि ‘मेटी’ या शब्दांत नेमका फरक कोणता?

प्रश्नकर्त्या उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतींविषयीच्या एका इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करीत आहेत. त्यात ‘क्रिओल’ आणि ‘मेटी’ हे दोन शब्द वारंवार येतात. दोहोंसाठी ‘मिश्रवंशीय’ हा एकच शब्द वापरला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. तो चालत नसेल, तर ‘फ्रेंच आणि आफ्रिकी यांची संतती ती क्रिओल, फ्रेंच आणि अमेरिकी मूलनिवासी यांची संतती ती मेटी’ हे त्यांच्या वाचनात आलेले सूत्र बरोबर आहे का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

एकच शब्द चालणार नाही. सूत्राविषयी म्हणायचे तर ते काही ठिकाणी आणि काही काळापुरते लागू पडते, पण मुळातच ते चुकीच्या जागी बोट ठेवते, कारण दोन्ही शब्द रक्ताच्या मिश्रणाविषयी आहेत आणि फक्त घटक वेगळे आहेत, असे त्यात गृहीत धरलेले आहे. वसाहतकालीन इतिहासाच्या मजकुराचे अनुवाद आणि संपादन करताना माझ्यासमोर हे दोन्ही शब्द पुष्कळदा आले आहेत, आणि मी धरून चालतो ती रेषा अशी आहे: ‘क्रिओल’ हा शब्द मूलतः माणूस कोठे जन्मला आणि वाढला हे सांगतो, तर ‘मेतीस’ किंवा ‘मेटी’ हा शब्द तो कोणाच्या पोटी जन्मला हे सांगतो. पुढे दोन्ही शब्द निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या समाजांची विशेषनामे झाले, आणि तेथे ही रेषासुद्धा पुरत नाही. म्हणून उत्तर स्थळाप्रमाणे आणि सालाप्रमाणे बदलते, हे आधीच मान्य केलेले बरे.

प्रथम ‘क्रिओल’ घेऊ. पोर्तुगीज ‘क्रिओउलो’ आणि स्पॅनिश ‘क्रिओयो’ हे शब्द ‘वाढवणे, पोसणे’ या अर्थाच्या धातूशी जोडलेले आहेत. वसाहतीत वाढलेला तो क्रिओल. त्याचे आईबाप युरोपीय असोत की आफ्रिकी, मूळ अर्थाला त्याने फरक पडत नाही. स्पॅनिश अमेरिकेत स्पेनहून आलेल्या अधिकाऱ्यांहून वेगळे दाखवण्यासाठी तेथेच जन्मलेल्या स्पॅनिश वंशाच्या लोकांना क्रिओयो म्हणत. १७८३ साली काराकासमध्ये जन्मलेला सिमोन बोलिव्हार हा याच वर्गातला. स्पॅनिश आणि मूलनिवासी यांच्या संततीसाठी तेथे ‘मेस्तिसो’ हा निराळा शब्द होता, म्हणजे हे दोन शब्द एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होते आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळत नव्हते. ब्राझीलमध्ये मात्र ‘क्रिओउलो’ म्हणजे आफ्रिकेत नव्हे तर ब्राझीलमध्येच जन्मलेला कृष्णवर्णीय, असा अर्थ रूढ झाला.

फ्रेंचांच्या कॅरिबियन बेटांवरील दोन व्यक्ती शेजारी ठेवल्या की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नेपोलियनची पहिली पत्नी जोसेफिन हिचा जन्म १७६३ मध्ये मार्तिनिक बेटावर, उसाचे मळे असलेल्या एका गोऱ्या फ्रेंच घराण्यात झाला, आणि ती क्रिओल म्हणवली जाई. हैतीच्या क्रांतीचा नेता तूसाँ लुव्हर्त्युर गुलामीत जन्मला, त्याचे आईबाप आफ्रिकी वंशाचे होते, आणि आफ्रिकेतून नुकत्याच आणलेल्या गुलामांहून वेगळा, बेटावरच जन्मलेला म्हणून तोही क्रिओलच. मिश्र रक्ताची म्हणून दोघांपैकी कोणाचीही ओळख नाही. प्रश्नातील सूत्र हाती घेतले तर या दोघांनाही क्रिओल म्हणता येणार नाही, आणि त्यांच्या काळच्या लोकांना तर ते म्हणण्यात काहीच वावगे वाटत नव्हते.

लुइझियानात हा शब्द सर्वाधिक वादग्रस्त झाला, आणि तुमच्या मजकुराचा बराच भाग तेथलाच दिसतो, म्हणून येथे थोडे थांबतो. तेथले न्यू ऑर्लीन्स शहर १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते स्पेनच्या ताब्यात होते. १८०३ मध्ये नेपोलियनने तो सगळा प्रांत अमेरिकेला विकला. त्यानंतर इंग्रजी बोलणारे, बहुतांशी प्रोटेस्टंट अमेरिकन लोक मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा आधीपासूनचे फ्रेंचभाषक, कॅथलिक रहिवासी स्वतःला क्रिओल म्हणवून घेऊ लागले. त्यांत गोरे होते, गुलाम होते, आणि गुलामगिरीत नसलेला, पुष्कळदा मिश्र वंशाचा, मालमत्ता आणि शिक्षण बाळगून असलेला एक तिसरा वर्गही होता. यादवी युद्धानंतर वर्णभेद अधिक कडक झाला, तेव्हा अनेक गोऱ्या घराण्यांनी ‘क्रिओल म्हणजे शुद्ध युरोपीय रक्ताचाच’ असा हट्ट धरला. त्याच शहरातील मिश्रवंशीय कुटुंबांनी तो शब्द सोडला नाही, आणि आज लुइझियानात ‘क्रिओल’ म्हटल्यावर अनेकांच्या मनात तीच कुटुंबे येतात. तुम्ही वाचलेले सूत्र या शेवटच्या अवस्थेवरून बेतलेले असावे. ते आजच्या लुइझियानापुरते अगदीच खोटे नाही, परंतु १७८० सालच्या कागदाला ते लावले की अनर्थ होतो. जाता जाता हेही सांगतो की ‘केजन’ हे निराळे. कॅनडातील अकाडिया प्रांतातून इंग्रजांनी १७५५ पासून हाकलून दिलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे ते वंशज. खाद्यपदार्थांच्या लेखांत हे दोन्ही शब्द सर्रास एकत्र येतात, म्हणून हा खुलासा.

भारतीय वाचकाला ‘क्रिओल’ हा शब्द बहुधा मॉरिशसमुळे ऐकून माहीत असतो, आणि तेथे त्याचा अर्थ पुन्हा बदलतो. मॉरिशसमध्ये क्रिओल म्हणजे प्रामुख्याने आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज. बेटावर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांना आज तेथे रोजच्या बोलण्यात क्रिओल म्हणत नाहीत. भारतीय वंशाच्या लोकांना तर नाहीच नाही. १९६८ च्या राज्यघटनेने निवडणुकीसाठी हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन असे तीन समाज सांगितले आणि जो या तिन्हींत बसत नाही तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या चौथ्या गटात धरावा असे ठरवले. म्हणजे क्रिओल हे नाव घटनेत येतच नाही, आणि त्या चौथ्या गटात क्रिओल आणि फ्रेंच वंशाचे गोरे एकत्र येतात. असे असले तरी मॉरिशसमधील मराठी कुटुंबे घरीदारी जी भाषा बोलतात ती बहुतेक वेळा क्रिओलच असते, आणि गणेश चतुर्थीच्या सुट्टीच्या दिवशी विसर्जनाला निघालेले लोक एकमेकांशी क्रिओलमध्ये बोलताना आढळले तर त्यात तेथे कोणालाही नवल वाटत नाही. क्रिओल बोलणारा आणि क्रिओल असणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथून सुमारे २०० किलोमीटरवरच्या रीयुनियन बेटावर मात्र गोऱ्यांसह बेटावरचे बहुतेक सगळे रहिवासी स्वतःला क्रिओल म्हणवतात. दोन्ही बेटे एकेकाळी फ्रेंचांचीच होती, तरी शब्दाचा वापर एकसारखा राहिला नाही.

भाषेचा उल्लेख आला म्हणून सांगतो, भाषाशास्त्रातला ‘क्रिओल’ हा एक पारिभाषिक शब्द आहे. भिन्नभाषक लोक एकत्र आल्यावर जी नवी भाषा घडते आणि पुढच्या पिढीची मातृभाषा बनते, ती क्रिओल. यासाठी कॅरिबियनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजवर आधारलेली एक क्रिओल भाषा बोलतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले, तरी भाषा टिकली, आणि मराठीच्या शेजारामुळे तिची वाक्यरचना इतकी बदलली की क्रियापद मराठीसारखे शेवटी येऊ लागले. भाषाशास्त्रज्ञ या भाषेला क्रिओल म्हणतात. कोर्लईचे लोक स्वतःला क्रिओल म्हणत नाहीत, आणि आपणही म्हणू नये. एखाद्या मजकुरात क्रिओल हे विशेषण माणसाला आहे, भाषेला आहे की स्वयंपाकाला, हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, याचे कारण हेच.

आता ‘मेटी’. फ्रेंच ‘मेतीस’, स्पॅनिश ‘मेस्तिसो’ आणि पोर्तुगीज ‘मेस्तिसु’ हे तिन्ही शब्द ‘मिश्र’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून आले. येथे जन्मस्थानाचा संबंध नाही. आईबाप दोन वेगळ्या समूहांतले आहेत, एवढेच शब्द सांगतो. या सामान्य अर्थाने फ्रेंच आणि बेल्जियन वसाहतींत तो सर्वत्र आढळतो. बेल्जियमच्या राजवटीत काँगोमधील युरोपीय पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांच्या मुलांना ‘मेतीस’ ठरवून आईपासून तोडून संस्थांत ठेवले जाई. २०१९ मध्ये बेल्जियमच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने अशा पाच स्त्रियांच्या बाबतीत तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. अशा ठिकाणी ‘मिश्रवंशीय’ हे भाषांतर योग्य आहे.

गोव्याच्या इतिहासातही हाच भेद सोळाव्या शतकात नोंदलेला सापडतो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच प्रवासी लिन्सखोटन सांगतो की पोर्तुगीज आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेल्यांना ‘कास्तिसु’ म्हणतात आणि पोर्तुगीज व हिंदी यांच्या संततीला ‘मेस्तिसु’. म्हणजे अमेरिकेत ‘क्रिओयो’ने भरलेली जागा गोव्यात ‘कास्तिसु’ने भरलेली होती. गोव्यातील ख्रिस्ती समाजाला सरसकट मेस्तिसु समजणारा मजकूर अधूनमधून माझ्याकडे येतो. तो दुरुस्त करावा लागतो, कारण तो समाज बहुतांशी स्थानिक धर्मांतरितांचा आहे आणि मेस्तिसु हा नेहमीच लहानसा वर्ग होता.

कॅनडात या शब्दाचे जे झाले ते मात्र इतर कोठेही झाले नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत फरच्या व्यापारासाठी फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष देशाच्या अंतर्भागात गेले आणि क्री, ओजिब्वे इत्यादी जमातींच्या स्त्रियांशी त्यांनी स्थानिक रिवाजाप्रमाणे संसार थाटले. त्यांची मुले दोन-तीन पिढ्या एकमेकांतच लग्ने करू लागली आणि आजच्या विनिपेगजवळ रेड नदीच्या काठी त्यांची वस्ती वाढली. बायसनच्या मोठ्या सामूहिक शिकारी, दोन चाकांचे लाकडी गाडे, नदीपासून मागे पसरत गेलेल्या लांब अरुंद पट्ट्यांची शेती, आणि ‘मिशिफ’ नावाची, नामे फ्रेंचमधून व क्रियापदे क्रीमधून घेणारी भाषा, ही सगळी त्यांची स्वतःची घडण होती. १८६९ मध्ये हा मुलूख कॅनडाकडे सोपवला जाऊ लागला आणि त्या पट्ट्यांकडे दुर्लक्ष करून चौकोनी भूखंड आखणारे मोजणीदार आले, तेव्हा लुई रिएलच्या नेतृत्वाखाली त्यांना अडवण्यात आले. त्या उठावातून १८७० चा मॅनिटोबा कायदा झाला. त्यात मेटी कुटुंबांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवण्यात आली, पण ती नीट वाटली गेली नाही, आणि सरकारने या वचनाचे पालन योग्य रीतीने केले नाही असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. १८८५ मध्ये पश्चिमेकडे बटोश येथे दुसरा उठाव चिरडला गेला आणि १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायना येथे फाशी झाली.

इतका तपशील देण्याचे कारण असे की कॅनडातील ‘मेटी’ हे आता एका समाजाचे नाव आहे, मिश्रणाचे वर्णन नव्हे. १९८२ च्या घटना कायद्याच्या ३५ व्या कलमात इंडियन, इनुइट आणि मेटी अशा तीन मूलनिवासी समूहांची नावे आहेत. २००३ च्या पाउली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की युरोपीय आणि मूलनिवासी असे दोन्ही पूर्वज असणारा प्रत्येक जण मेटी नव्हे. ज्यांच्या चालीरीती, जीवनपद्धती आणि सामूहिक ओळख वेगळी घडली त्या समाजांचे ते नाव आहे. व्यक्तीच्या बाबतीत न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: ती स्वतःला मेटी म्हणवते का, तिचा ऐतिहासिक मेटी समाजाशी वंशसंबंध आहे का, आणि आजचा मेटी समाज तिला आपली मानतो का. आपल्याकडे कोकणात नुसते राहिल्याने कोणी कोकणस्थ होत नाही, आणि न्यू जर्सीत जन्मला म्हणून कोणी कोकणस्थ असायचा थांबत नाही. नावाचा शब्दार्थ एक आणि नाव धारण करणारा समाज दुसरा, असे तेथेही झाले आहे. क्री आई आणि गोरा बाप असलेले मूल क्री वस्तीत वाढले तर ते सामान्यतः क्रीच असते, मेटी नव्हे.

यावर कॅनडात एकमत आहे, असे मात्र समजू नये. २०१६ च्या डॅनियल्स खटल्यात त्याच न्यायालयाने मेटी या शब्दाचा व्यापक वापरही होतो हे मान्य केले, आणि पूर्वेकडील प्रांतांत कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या मूलनिवासी पूर्वजाच्या आधारे स्वतःला मेटी म्हणवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. रेड नदीच्या परंपरेतील मेटी संघटनांचा त्याला कडवा विरोध आहे. २०२१ च्या जनगणनेत ६,२४,२२० लोकांनी स्वतःला मेटी म्हटले. हा आकडा उद्धृत करताना तो स्वतः दिलेल्या ओळखीवर आधारलेला आहे हे सांगितलेच पाहिजे.

वंशाच्या अपूर्णांकांवर विसंबून ‘क्रिओल’ किंवा ‘मेटी’ ठरवणे किती निरुपयोगी आहे, याचे माझे नेहमीचे उदाहरण दोन समकालीन माणसांचे आहे. न्यू ऑर्लीन्सच्या क्रिओल समाजातला होमर प्लेसी हा एकअष्टमांश आफ्रिकी वंशाचा होता. गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसल्याबद्दल १८९२ मध्ये त्याला अटक झाली, आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल देऊन ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली. रिएलही एकअष्टमांशच मूलनिवासी वंशाचा होता, आणि तो मेटींचा सर्वांत मोठा नेता मानला जातो. अपूर्णांक तोच, एका ठिकाणी कायद्याने त्याच्या आधारे माणसाला डब्याबाहेर काढले, दुसऱ्या ठिकाणी समाजाने तो विचारलाही नाही.

शेवटी एक अपवाद नोंदवतो, कारण तो तुमच्या मजकुरात येण्याची शक्यता कमी असली तरी गोंधळ उडवणारा आहे. अलास्का रशियाच्या ताब्यात असताना रशियन पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संततीला ‘क्रिओल’ म्हणत, आणि रशियन-अमेरिकन कंपनीच्या १८२१ च्या सनदेत तो एक वेगळा वर्ग मानलेला आहे. तेथे क्रिओल या शब्दाने नेमके तेच सांगितले आहे जे इतरत्र मेतीस सांगतो. माझी ‘जन्मस्थान आणि जन्मदाते’ ही रेषा येथे चालत नाही.

आता अनुवादाचे. लुइझियानाच्या भागात ‘क्रिओल’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी त्या परिच्छेदाच्या काळाला धरून एक स्पष्टीकरणाचे वाक्य घालावे: १८०३ पूर्वीचा कागद असेल तर ‘वसाहतीतच जन्मलेले’, त्यानंतरचा असेल तर ‘जुने फ्रेंचभाषक रहिवासी’, आणि आजचा असेल तर त्या समाजाचे वर्णन. कॅनडाच्या भागात ‘मेटी’ लिहावे, कारण इंग्रजीभाषक कॅनडात उच्चार साधारण तसाच होतो, आणि समाजाचे नाव म्हणून ते कधीही भाषांतरित करू नये. फ्रेंच वसाहतींतला सामान्य अर्थ असेल तेथे मी ‘मिश्रवंशीय’ वापरतो. इंग्रजीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांवरून समाजाचे नाव की सामान्य वर्णन हे पुष्कळदा कळते. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून मराठीत हा निर्णय अनुवादकालाच घ्यावा लागतो. ‘संकर’, ‘संकरित’ हे शब्द पूर्ण टाळावेत. वर्णसंकर या कल्पनेचे सारे ओझे त्यांच्यासोबत येते, आणि बियाण्यांच्या पिशवीवरचा शब्द माणसांना लावणे तसेही बरे दिसत नाही.

एक अडचण तरीही उरते. फ्रेंच लुइझियानात फ्रेंच बाप आणि मूलनिवासी आई यांच्या पोटी जन्मलेले मूल जन्मस्थानाने क्रिओल आणि जन्मदात्यांमुळे मेतीस, असे दोन्ही असू शकते. तुमच्या मजकुरात एकाच कुटुंबाला दोन परिच्छेदांत दोन वेगळे शब्द लावलेले आढळले, तर मूळ लेखकाची ती चूकच आहे असे समजून एक शब्द काढून टाकू नका. बहुधा पहिल्या परिच्छेदात प्रश्न कोठे जन्मला याचा असेल आणि दुसऱ्यात कोणाच्या पोटी जन्मला याचा. तेथे ‘लुइझियानात जन्मलेले’ आणि ‘मूलनिवासी आईचे’ असे सरळ लिहिले तर वाचकाचा गोंधळ होणार नाही, आणि दोन्ही परिच्छेद खरे राहतील.